चाळिसावा आणि चौदा पाहुणे

"एक आठवडा पुढे ढकलला असता तर काकांचं काय बिघडणार होतं?" हे वाक्य पोलिक्सेनीने गेल्या तीन आठवड्यांत पाद्रीबुवांना ऐकवलं होतं, नवऱ्याला ऐकवलं होतं, आणि एकदा, घरात कुणी नसताना, काळी फीत लावलेल्या स्तेर्गिओसकाकांच्या फोटोलाही ऐकवलं होतं. फोटोतले काका मिशीत हसत राहिले. ते जिवंतपणीही तेवढंच करायचे.

मे महिन्याचा शेवटचा रविवार. वर्षातून या एकाच शनिवार-रविवारी खोऱ्यातल्या सगळ्या वाइनवाल्यांची दारं उघडी असतात. थेसालोनिकीहून गाड्यांवर गाड्या येतात, परदेशातून माणसं येतात आणि वेर्मियो डोंगराच्या उतारावर उन्हात लालबुंद होत हिंडतात. आणि नेमक्या त्याच रविवारी काकांचा चाळिसावा, जाऊन चाळीस दिवस झाल्यावरची प्रार्थना आणि जेवण.

"जन्मात कधी वेळेवर आला नाही तो," ख्रिसावगीकाकू म्हणाल्या. काळा पोशाख, काळा रुमाल, बाह्या कोपरापर्यंत वर. मेलेल्याच्या नावाने वाटायच्या उकडलेल्या गव्हाच्या परातीवर त्या पिठीसाखर कागदाने दाबून गुळगुळीत करत होत्या. "आमच्या लग्नाला दोन तास उशिरा आला होता. म्हणे, गाढव हरवलं. मेल्यावर तरी वेळेवर होऊ दे त्याचं."

"पण काकू, चौदा जण येणारेत साडेदहाला. दोन महिन्यांपूर्वी नोंदणी केलीय त्यांनी."

"येऊ देत की. ते तळघराच्या फाटकाने येतील, आपली माणसं घराच्या. तुझे पाहुणे तिकडे, माझे इकडे. हिला धर जरा, साखरेत हात घालतेय."

'हिला' म्हणजे नऊ महिन्यांच्या बेबाला. इथे नाव ठेवतात ते चर्चमध्ये, बाप्तिस्म्याला; तो काकांच्या जाण्याने पुढे गेला, त्यामुळे पोरीला अजून नाव नव्हतं; सगळे बेबाच म्हणत. पोलिक्सेनीने तिला उचलून कमरेवर घेतलं. बेबाच्या मुठीत परातीवरचा एक चंदेरी बदाम होता. काकांच्या नावातलं पहिलं अक्षर त्या बदामांनी काढलं होतं. आता त्याला एक भोक पडलं. काकूंनी पाहिलं, आणि दुसरा बदाम चिकटवला. रागावल्या नाहीत. बेबावर त्या कधीच रागवत नसत. तो कोटा इतरांसाठी होता.

पोलिक्सेनीला विचारायचं होतं ते वेगळंच, पण ते विचारायला बंदी होती. काका गेले त्याच संध्याकाळी, माणसं अजून अंगणात असताना, सासरे अनेस्तिस आणि पोलिक्सेनी वरच्या बागेवरून भांडले होते. काकूंनी काठी आपटून दोघांना गप्प केलं. "बाग माझ्या नावावर आहे. चाळीस दिवस तिचं नाव काढायचं नाही. चाळिसाव्याला गहू वाटून झाले, जेवणं झाली, की मी काय ते सांगेन."

आज ते सांगायचा दिवस होता.

वरची बाग म्हणजे डोंगराच्या खांद्यावरची, जुन्या जाड खोडांची. क्सिनोमाव्रो द्राक्ष, आंबट आणि काळं, या घरातल्या माणसांच्या स्वभावासारखं. पाहुणे चढून जात ते तिथे. तिथून अख्खं खोरं दिसे, पीचच्या बागा, खाली चमकणारा कालवा. ती बाग गेली तर उरणार काय? तळघर, आणि स्टीलच्या टाक्या. "टाक्या काय, दुधाच्या डेअरीतही असतात," पोलिक्सेनी नवऱ्याला म्हणाली होती. तीन वर्षं झटून तिने हे पाहुण्यांचं काम उभं केलं होतं, पोटात बेबा असतानाही. आणि फ्रिजवर, लोहचुंबकाखाली, स्टुटगार्टहून आलेलं एक रंगीत चित्र लटकत होतं. त्याच बागेवर दहा लाल छपरांची घरं आणि मधोमध पोहण्याचा निळाशार तलाव. धाडणारा, सासऱ्यांच्या बहिणीचा, दोम्नाआत्याचा, मुलगा अखिलेआस. लटकवणारे, सासरे.

एकतीस वर्षं इकडे न फिरकलेला अखिलेआस आज येणार होता. मामाच्या चाळिसाव्याला. आणि मामीची सही घ्यायला.

*

अनेस्तिस बाहत्तर वर्षांचे होते आणि सकाळपासून खुशीत होते. चर्चला जायच्या आधी त्यांनी एक छोटंसं काम उरकलं होतं. रस्त्याच्या वळणावर सुनेने लावलेली पाटी, 'पाहुण्यांसाठी तळघर, डावीकडे', त्यांनी उपटली आणि ओढ्याच्या काठच्या झुडपांमागे टाकून दिली.

त्यांचं पाहुण्यांशी वैर नव्हतं. पाहुण्याला त्यांनी जन्मात कधी उपाशी पाठवलं नव्हतं. पण ही कसली माणसं? "आपली वाईन तोंडात घेतात, गुळण्या करतात, आणि थुंकतात! अरे लाझारोस, थुंकतात रे! तुझ्या काकाच्या पिंपातली!" लाझारोस म्हणजे त्यांचा मुलगा, पोलिक्सेनीचा नवरा. तो बापाचं ऐकून मान हलवी, बायकोचं ऐकूनही मान हलवी, आणि तळघरात जाऊन बसे.

पाटी नसली की येणारे भरकटतील, खालच्या गावात जातील, तिकडच्यांच्या पिंपात थुंकतील. एवढाच साधा हिशेब होता.

चर्चहून माणसं परतली तेव्हा घरापुढचा रस्ता गाड्यांनी गच्च भरला. अंगणात अक्रोडाखाली लांब टेबल. आल्या आल्या प्रत्येकाला कॉफी, एक टोस्ट, एक घोट ब्रँडी, आणि हातात गव्हाची पुडी. "देव त्याला क्षमा करो." "तुम्हाला आयुष्य लाभो." साठ-पासष्ट माणसं, अर्ध्यांची नावं अनेस्तिसनाही आठवत नव्हती.

तेवढ्यात फाटकात एक जोडपं येऊन उभं राहिलं. उंच, गोरटेला, साठीचा पुरुष, काळं जाकीट, हातात टोपी. बाईच्या गळ्यात काळाच रुमाल. रस्त्याच्या पलीकडे गाडी, जर्मन नंबराची.

"आला!" अनेस्तिस धावलेच. "अरे बाळा! एकतीस वर्षं!" आणि त्यांनी त्या माणसाचे दोन्ही गालांचे मुके घेतले. मग बाईचे.

त्या माणसाचं नाव डेटलेफ. कील गावचा निवृत्त शिक्षक, बाजूला बायको उर्सुला. पाटी न दिसल्यामुळे दोघं सरळ चालत जिथे माणसं दिसली तिथे आले होते. पण हे त्याला कुणी विचारलंच नाही. दारात आलेल्याला पोटात चार घास जायच्या आधी 'तू कोण' म्हणून विचारायचं, ही गोष्ट या डोंगरात कुणी करत नाही. करील त्याच्या घरी पाणीही पीत नाहीत. आणि डेटलेफच्या खिशातल्या कागदावर कार्यक्रमात लिहिलं होतं: 'स्थानिक कुटुंबासोबत पारंपरिक स्वागत'. तो भारावून गेला. चाळीस वर्षं त्याने शाळेत प्राचीन ग्रीक शिकवली होती. ती बोलायची संधी प्रथमच मिळत होती.

"हे गृहस्वामी," तो म्हणाला, "आपले आतिथ्य पाहून मदीय अंतःकरण प्रसन्न जाहले."

अनेस्तिस क्षणभर थबकले. मग शेजाऱ्याला कोपराने ढोसून म्हणाले, "बघ! परदेशात जन्मला, पण भाषा कशी जपलीय."

"जरा जास्तच जपलीय," शेजारी म्हणाला. "आपले पाद्रीबुवासुद्धा असं बोलत नाहीत."

"दोम्नाने शिकवली असणार. आणि कान बघ. हुबेहूब दोम्नाचे कान!"

त्याला टेबलाच्या डोक्याशी, काकूंच्या उजव्या हाताला बसवण्यात आलं. काकूंनी त्याच्याकडे बघितलं. मग दिराकडे बघितलं. मग म्हणाल्या, "बैस, बाळा. वाढा रे याला."

*

खरा अखिलेआस तेव्हा तळघरापाशी होता.

घरापुढे गाडी लावायला जागा नव्हती म्हणून तो वळसा घालून मागच्या फाटकाशी आला होता. तिथे एका मुलीने हसून त्याच्या आणि मार्गिटच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, हातात एकेक ग्लास दिला. लेकराला कमरेवर घेतलेली एक तरुण बाई घाईघाईने माणसं मोजून गेली, "बारा, तेरा, चौदा, झाले सगळे," म्हणाली आणि घराकडे पळाली.

अखिलेआसला विचित्र वाटलं. चाळिसाव्याला ग्लास? आणि ही माणसं अर्ध्या चड्डीत? पण एकतीस वर्षांत रीत बदलली असेल. 'हे काय चाललंय' असं विचारावं, तर कुणीतरी म्हणणारच, "बघा जर्मन! आपलं सगळं विसरला." हे वाक्य त्याने लहानपणी सुट्टीत इतक्यांदा ऐकलं होतं की, त्याच्या भीतीने तो गप्प राहिला. सगळे चालू लागले तसा चालू लागला. पुढे जो दाढीवाला इंग्रजीत बोलत होता तो लाझारोस असावा. शेवटचा पाहिला तेव्हा तो तीन वर्षांचा होता आणि त्याच्या नाकात वाटाणा अडकला होता.

चढ दमवणारा होता. वर पोचल्यावर सगळे खोऱ्याकडे बघत उभे राहिले. अखिलेआसने बाग पाहिली. मनात त्याने तिथे तलाव ठेवून बघितला. बसत होता.

"ही बाग माझ्या पणजोबांनी लावली," लाझारोस इंग्रजीत सांगत होता. बायकोने लिहून दिलेलं तो पाठ म्हणायचा, शाळेतल्या कवितेसारखं. "आणि ही शेवटची ओळ दोम्नाआत्याची. जर्मनीच्या कारखान्यात जायला निघाली त्या सकाळी ती इथे येऊन ढसाढसा रडली. इथली मूठभर माती रुमालात बांधून घेऊन गेली. मरेपर्यंत तो रुमाल तिच्या उशाशी होता."

अखिलेआस ऐकत राहिला. त्याच्या आईच्या उशाशी रेडिओ होता आणि डोकेदुखीच्या गोळ्या होत्या. गावाबद्दल ती एकच वाक्य बोलायची, "चिखल होता नुसता."

"आणि आता," लाझारोसचा आवाज बायकोने सांगितल्याप्रमाणे खाली आला, "तिचाच मुलगा, जो तीस वर्षांत एकदाही आला नाही, तो ही बाग खणून इथे पोहण्याचा तलाव करणार आहे."

पाहुण्यांत हळहळ उमटली. शेजारची डच बाई अखिलेआसकडे वळून कळवळून म्हणाली, "काय माणूस असेल हो! नालायक."

"पक्का," अखिलेआस म्हणाला.

मार्गिटने त्याच्याकडे बघितलं. "म्हणजे तूच ना रे हा?" तिने जर्मनमध्ये हळूच विचारलं.

"गप्प बस."

"मला माहीत नव्हतं आपण इतके प्रसिद्ध आहोत."

डच बाईने ग्लास उचलला. "त्या बिचाऱ्या आईसाठी!" सगळ्यांचे ग्लास एकमेकांवर किणकिणले. बाईचा ग्लास अखिलेआसच्या ग्लासाकडे आला, आणि त्याचा हात आपोआप मागे सरला. त्याने ठरवलं नव्हतं. हातानेच केलं. आई त्याच हातावर चापटी मारायची, मेलेल्याच्या नावाने पिताना ग्लास वाजवायचा नाही, मेलेल्याला आवाज जातो.

"आज नको," तो पुटपुटला. आपल्या भाषेत.

लाझारोस वळला. आज घरात चाळिसावा आहे हे त्याने या चौदांपैकी एकालाही सांगितलं नव्हतं. तो माणसाच्या हाताकडे बघत राहिला, छातीशी ओढून घेतलेल्या ग्लासाकडे. मग चेहऱ्याकडे.

"अखिलेआस?"

"हो."

"अरे, तू इथे काय करतोयस?"

"मला वाटलं," अखिलेआस म्हणाला, "आता असंच करतात."

लाझारोसच्या दाढीखाली आधी पांढरा, मग लाल रंग आला. "ते जे मी बोललो… ते पोलिक्सेनीने लिहिलंय."

"चांगलं लिहिलंय. रुमाल फार आवडला."

*

खाली अंगणात भाजलेला मासा वाढून झाला होता आणि पोलिक्सेनीचं ताट तसंच होतं. बेबाला मांडीवर घेऊन ती टेबलाच्या टोकाला बसली होती आणि सासरे त्या उंच माणसाच्या कानाला लागताना बघत होती. हाच तो. हाच तलाववाला. दिसायला सज्जन वाटतो, तेच वाईट. त्याची बायको गव्हाची तिसरी वाटी संपवत होती.

"मामीला सांग," अनेस्तिस कुजबुजले, "पण हळूहळू. आधी तब्येतीचं विचार. मग म्हण, या वयात बाग कोण बघणार."

डेटलेफला यातलं चारातलं एक वाक्य कळत होतं. तो प्रत्येक वाक्याला मान हलवत होता, त्यामुळे अनेस्तिसना तो फारच समंजस वाटत होता. शेवटी त्याने घसा साफ केला. टेबल शांत झालं. पोलिक्सेनीने बेबाला घट्ट धरलं.

"हे माते," तो काकूंना म्हणाला, "जो नर निवर्तला, तो कैसा होता?"

पाद्रीबुवांचा काटा हवेत राहिला.

ख्रिसावगीकाकूंनी हात रुमालाला पुसले. हा अखिलेआस नव्हे हे त्यांना पहिल्या मिनिटापासून ठाऊक होतं. स्टुटगार्टहून मार्गिट दर नववर्षाला फोटो धाडायची. बिस्किटांच्या डब्यात एकतीस अखिलेआस होते, दर वर्षी थोडे जाड आणि थोडे टकले. दिराने ते कधी उघडून पाहिले नव्हते. त्यांनी गंमत चालू दिली, कारण चाळीस दिवसांत त्यांना दुसरी गंमत मिळाली नव्हती. पण हा प्रश्न त्यांना अपेक्षित नव्हता. चाळीस दिवस माणसं येत होती, बसत होती, आणि कॉफीचा दुसरा घोट घेता घेता म्हणत होती, "मग बागेचं काय?" तो कसा होता, हे कुणी विचारलं नव्हतं.

"वात्रट होता," त्या म्हणाल्या.

"वहिनी!" अनेस्तिस.

"होताच. या पाद्रीबुवांची परीक्षा घ्यायला बिशप आले होते, आठवतं? त्यांच्या गाडीत मागच्या सीटवर बोकड कुणी बसवला होता?"

सगळ्यांची डोकी पाद्रीबुवांकडे वळली. पाद्रीबुवांनी दाढीवर हात फिरवला. "बोकडाला बिशपची टोपी घातली होती," ते खालच्या आवाजात म्हणाले. "माझी वीस वर्षं बढती नाही झाली." आणि ते हसले. आधी एकटेच हसले, मग त्यांचं पोट हलायला लागलं, मग टेबल हसलं. कुणीतरी म्हणालं, "आणि सरपंचाच्या विहिरीचं?" दुसरा म्हणाला, "ते थांब, ते मी सांगतो." काळ्या रुमालांतल्या म्हाताऱ्या डोळे पुसत हसत होत्या.

डेटलेफला फारसं कळलं नाही, पण आनंद कळला. तो उठला, ग्लास पुढे केला आणि काकूंच्या ग्लासावर हलकेच वाजवला.

टण्ण.

हसू जागच्या जागी गोठलं. एका म्हातारीने क्रूस केला. अनेस्तिसनी भाच्याकडे असं पाहिलं, जणू त्याचे कान अचानक दुसऱ्याचे झाले.

काकूंनी आपल्या ग्लासाकडे पाहिलं. मग तो उचलला आणि डेटलेफच्या ग्लासावर वाजवला. जोरात. "ऐकू जाऊ दे त्याला," त्या म्हणाल्या. "मजा त्याच्याशिवाय चाललीय असं वाटायला नको."

*

तेवढ्यात वरून तेरा पाहुणे आणि लाझारोस अंगणात उतरले. वर चौदा गेले होते; उरलेला एक, अखिलेआस, सगळ्यांच्या मागे होता. लाझारोसने त्याला दंडाला धरून पुढे आणलं.

"काकू, हा अखिलेआस. तासाभरापासून आमच्याबरोबर हिंडत होता."

"मग हा कोण?" अनेस्तिस ओरडले.

डेटलेफने खिशातून कागद काढला आणि पोलिक्सेनीला दिला. तिने वाचला. आधी तिला हसू आलं, मग रडू, मग बेबाने तो कागद तोंडात घातला. "बाबा," ती म्हणाली, "हे आपले पाहुणे आहेत. कीलहून आलेत. पाटी सापडली नाही म्हणून इकडे आले."

"पाटी," काकू म्हणाल्या. "कुठे गेली बरं पाटी?"

अनेस्तिसनी माशाकडे बघितलं. "मला वाटलं याचे कान…" ते पुटपुटले. मग एकदम, "वहिनी, तुला ठाऊक होतं?"

"बसताक्षणी."

"मग बोलली का नाहीस?"

"तू चाळीस दिवस बोललास. मी एक दिवस गप्प बसले, तर बिघडलं कुठे?"

डेटलेफला आता सगळं उमजलं होतं. तो लाजून उठू लागला, तसा काकूंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली दाबलं. "तू बैस. तू चांगला प्रश्न विचारलास." मग भाच्याकडे वळल्या. "आणि तू रे? एकतीस वर्षांनी आलास तो मागच्या दाराने?"

"मामी," अखिलेआस म्हणाला, "मीच तो नालायक."

"वर सांगितलं वाटतं तुला?"

"इंग्रजीत. सगळ्यांसमोर. लोक हळहळले." तो जवळ आला. "मामी, माझी आई खरंच रडली होती का तिथे?"

पोलिक्सेनीने मान खाली घातली.

"दोम्ना?" काकू म्हणाल्या. "बस आली तशी उडी मारून चढली. मागे वळूनही बघितलं नाही."

अखिलेआसच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच हसू आलं. "हां. ही माझी आई."

जेवणं झाली होती, गहू वाटून झाले होते. काकू उभ्या राहिल्या, दोन्ही हात टेबलावर टेकवून.

"तर बागेचं. अखिलेआस, तुझा तलाव मी करणार नाही. घरात मोरी आहे, तिथे पोहा." अनेस्तिस काही बोलणार तोच त्यांनी बोट वर केलं. "आणि पोलिक्सेनी, बाग मी तुलाही देणार नाही."

पोलिक्सेनीला बेबाचं वजन एकदम दुप्पट झाल्यासारखं वाटलं. तीन वर्षं.

"देऊन टाकली की मी उद्यापासून काय करू? याच्या फोटोसमोर बसून लोकर विणू? बाग माझ्या नावावर राहील. तुझे पाहुणे वर जातील, रोज जाऊ देत. पण वर काय सांगायचं, ते मी सांगणार. मी येणार त्यांच्याबरोबर. रुमाल म्हणे! माती म्हणे!"

"वहिनी, चाळीस दिवस झालेत फक्त! काळ्या कपड्यांत परक्या लोकांबरोबर डोंगर चढणार?"

"द्राक्षंही काळीच आहेत. शोभेल."

"काकू," पोलिक्सेनी थोड्या चिरक्या आवाजात म्हणाली, "पण तुम्हाला इंग्रजी येत नाही."

"तुला येतं ना? मी बोलेन, तू सांगशील. जसं बोलले तसं. मीठ-मसाला लावायचा नाही. जमतंय का बघ, नाहीतर राहिलं."

पोलिक्सेनीने डोळे मिटले, उघडले. हंगामाचे सहा महिने काकूंची वाक्यं भाषांतरित करायची, बिशप आणि बोकडासकट. कुणीतरी नक्की तक्रार करणार. आणि बाग राहणार. "जमतंय," ती म्हणाली.

"मग आत्ताच सुरू कर. हे चौदा जण चुकीचं ऐकून आलेत, तसेच घरी कसे पाठवायचे?" काकूंनी अर्ध्या चड्डीतल्या त्या घोळक्याला हाताने जवळ बोलावलं. "सांग यांना. ती बाग याच्या पणजोबांनी लावलेली नाही. ती चोरीची आहे."

"काकू!"

"सांग!"

पोलिक्सेनीने सांगितलं. घोळक्यातून "ओऽऽ" असा आवाज आला आणि सगळे एक पाऊल पुढे सरकले. वर बागेत इतके पुढे ते एकदाही सरकले नव्हते.

"वरच्या मठातली बाग खोऱ्यात सगळ्यांत चांगली. साधू कुणाला एक काडी देत नव्हते. माझा नवरा तेव्हा अठरा वर्षांचा. फेब्रुवारीत छाटणी झाली, काड्या कोठारात बांधून ठेवल्या. तेव्हाच मठाधिपतींचा चाळिसावा आला. सगळे साधू जेवायला बसले. आणि हे तिघं भर दुपारी मागच्या भिंतीवरून आत. स्तेर्गिओस पुढे. गाढव धरून दोम्ना."

"आई?" अखिलेआस म्हणाला.

"पंधरा वर्षांची. तिनेच ठरवलं होतं सगळं. आणि तिसरा…" काकू थांबल्या आणि कुणाकडेही न बघता म्हणाल्या, "तिसऱ्याने भिंतीवर बसून नुसती राखण केली. भित्रा होता. एक पोतं काड्या आणल्या तिघांनी. आपली वरची बाग त्याच काड्या लावून झालेली."

पोलिक्सेनीने तेही सांगितलं. अनेस्तिस मान खाली घालून माशाचे काटे ताटाच्या कडेला रचत होते, एकाशेजारी एक. त्यांचे कान लाल होत गेले. डच बाईने हलकेच विचारलं, तो तिसरा भित्रा मुलगा कोण, जिवंत आहे का. पोलिक्सेनीने प्रश्न काकूंपर्यंत पोचवला. काकूंनी खांदे उडवले.

"एक नव्हे!" अनेस्तिस उठले, खुर्ची मागे पडली. "दोन पोती! दोन! आणि राखण कोण म्हणतंय? मठाचा कुत्रा मी धरला होता, दहा वर्षांचा होतो मी! एवढा कुत्रा! माझ्या पोटऱ्या फाडल्या त्याने, आणि मी हूं केलं नाही! हे बघ!"

आणि दुखवट्याला आलेल्या साठ माणसांसमोर, पाद्रीबुवांसमोर आणि चौदा परक्यांसमोर त्यांनी पँटचा पाय गुडघ्यापर्यंत वर केला.

चौदा जण आणि कीलचं जोडपं वाकून बघू लागले.

"उभी काय राहिलीस, सूनबाई?" अनेस्तिस म्हणाले. "सांग त्यांना! दोन पोती म्हण. कुत्रा नीट सांग."